पाणी न पिणारा बैल

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा बैल बोलत असत. आता ते का बोलत नाहीत, हे मला विचारू नका. बहुधा आपण त्यांना उत्तर देणं सोडलं म्हणून असेल. तर त्या काळी एका उंच, उघड्या माळावर एक गाव होतं. पन्नास-साठ घरं, एक देऊळ, एक विहीर आणि वारा मात्र वाटेल तेवढा.

त्या वाऱ्याचं गावात कोणाला कौतुक नव्हतं. तो पश्चिमेकडून बारा महिने वाहायचा. वाळत घातलेलं धोतर पळवायचा, चुलीतली राख डोळ्यांत घालायचा, उफणताना भुशाबरोबर दाणेसुद्धा घेऊन जायचा. बाया त्याला ‘मेला’ म्हणत. पुरुष काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही, कारण ही गोष्ट लहान मुलंही वाचणार आहेत.

कौतुक होतं ते पाण्याचं. विहीर साठ हात खोल होती आणि तिच्यावर मोट चालायची. भिवा नावाचा मोटकरी बैल हाकायचा, बैल जाडजूड नाडा ओढत उतारावरून खाली जायचे, आणि चामड्याची भली मोठी मोट डुलत डुलत वर येऊन दगडी डोणीत रिकामी व्हायची. मग सगळं गाव घागरी घेऊन डोणीपाशी यायचं.

एका वर्षी पावसानं गावाला बगल दिली. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मोट अर्धीच भरू लागली. फाल्गुन लागला तेव्हा माणशी एक तांब्या पाणी मिळेनासं झालं. तेव्हा गावचे म्हातारे कारभारी, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी देवळापुढे गाव बोलावलं.

“माझ्यानं हे बोलवत न्हाई,” आबा म्हणाले, “पण बोलावं लागतंय. चैत्र सरायच्या आत गाव खाली नदीकाठी न्यायचं. तिथली माणसं जागा देतो म्हणालीत. नागो सुतार गाड्यांची चाकं करून देईल. ज्याचा गाडा आधी तयार होईल, त्यानं आधी उतरावं.”

काही बाया रडल्या. नागो सुतारानं मान डोलावली आणि तो लाकूड बघायला उठला.

या नागोबद्दल थोडं सांगायला हवं. तो मोटकरी भिवाचा थोरला भाऊ. बैलगाडीची चाकं करण्यात दहा गावांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची चाकं जड बाभळीची आणि अशी भक्कम असत, की गाडा मोडला तरी चाक शिल्लक राही. फळी हातात आली की नागो एक डोळा मिटायचा आणि टोकापासून टोकापर्यंत तिच्यावरून नजर फिरवायचा. नखाएवढा जरी पीळ दिसला तरी फळी परसातल्या ढिगावर. पीळ म्हणजे खोट, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं आणि बापाला आज्यानं. लोक गमतीनं म्हणत, नागो सोयरीक जमवायला गेला तरी एक डोळा मिटूनच बघतो.

त्या बैठकीत सगळ्यांत मागे धुरपा बसली होती. ती दोर वळायची. मोटेचा नाडा तिच्याच हातचा. ती जन्मानं या गावची नव्हती. लहान असताना नदीनं एका पुरात तिचं गाव नेलं, घर नेलं, आईबाप नेले. ती चालत चालत या माळावर आली आणि इथल्या कोणीतरी तिला ओंजळभर पाणी पाजलं. तेव्हापासून ती इथेच राहिली. आता पुन्हा गाव सुटणार होतं, तेही नदीकाठी जाण्यासाठी.

“एकदा गाव गेलेलं मानूस हाय मी,” ती स्वतःशीच म्हणाली. “दुसऱ्यांदा जाऊ देनार न्हाई.”

पण नुसतं म्हणून काय होतं? धुरपाकडे जमीन नव्हती, वजन नव्हतं, पंचांत कोणी नात्याचं नव्हतं. तिच्याकडे एकच गोष्ट होती. तिला प्रश्न विचारायची खोड होती.

ती उठली आणि थेट विहिरीवर गेली. भिवाचा गुंज्या नावाचा बैल सावलीला धापा टाकत उभा होता.

“गुंज्या,” धुरपानं विचारलं, “गावचे सगळे बैल मिळून दिवसाला किती मोटा काढता रं?”

“पाळीपाळीनं ओढून वीस,” गुंज्या म्हणाला.

“आन् पिता किती?”

गुंज्या जरा ओशाळला. शेपटीनं नसलेली माशी उडवून तो म्हणाला, “धा. उन्हात ओढल्यावर घसा सुकतो, बाई. आम्ही तरी काय करनार?”

“म्हंजी निम्मं पानी पान्यापायीच जातं!”

“मलाबी त्याचं वाईट वाटतं,” गुंज्या म्हणाला. “पानी न पिनारा बैल कुठं मिळाला तर आना. माझ्या जागी जुंपा. मी त्याच्या पाया पडीन.”

धुरपाला हसू आलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. पाणी न पिणारा बैल. चालेल, ओढेल, पण पिणार नाही. असा बैल असतो का? कुठे असेल?

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी माळावर दोर वळत होती. केकताडाच्या पानांतून काढलेल्या वाखाच्या तंतूंचे तीन पेड एका खुंटाला बांधायचे, त्यांना पीळ भरत भरत मागे मागे चालायचं, अशी तिची रीत. तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला, की दोरासकट धुरपा चार पावलं फरफटली. एरवी तिनं त्याला ‘मेल्या’ म्हटलं असतं. आज ती थांबली आणि पश्चिमेकडे तोंड करून म्हणाली, “तुझा जोर तर बैलावानी हाय. तू काय पितोस रं?”

वारा काही बोलला नाही. त्या काळातही वारा बोलत नसे. गोष्ट झाली म्हणून तिला काही मर्यादा हवीच ना!

पण धुरपाला तिचं उत्तर मिळालं होतं. तिनं शिंदीच्या पानाचं एक भिरभिरं केलं, मुलं जत्रेत घेऊन पळतात तसं, आणि ते घेऊन ती नागोच्या दारात उभी राहिली.

“नागोदादा, हे बघा,” तिनं भिरभिरं वाऱ्यावर धरलं. ते गरगर फिरू लागलं. मग तिनं त्याच्याबरोबर फिरणाऱ्या काडीला एक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक चिंच बांधली. दोरा काडीवर गुंडाळला गेला आणि त्याच्या टोकाची चिंच हळूहळू वर आली.

नागो हातातला रंधा ठेवून बघत राहिला.

“चिंच वर आली,” धुरपा म्हणाली. “पानी न्हाई का येनार?”

“पोरखेळ हाय ह्यो,” नागो म्हणाला. पण त्यानं ते भिरभिरं हातात घेतलं, फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. त्याचा दुसरा हात आपोआप दाढीकडे गेला. “मोठं करायचं झालं तर पानाचं टिकनार न्हाई. लाकडाचंच पायजे.”

“म्हनून तर तुमच्याकडं आले.”

“चाक म्हनल्यावर माझ्याशिवाय कोनाकडं जानार?” नागो म्हणाला, आणि इथेच घोटाळा झाला.

कारण नागोनं चाकच केलं. त्यानं बाभळीचा जाड तुंबा, म्हणजे चाकाचा मधला ओंडका, घेतला, त्यात आठ भक्कम आरे ठोकले आणि प्रत्येक आऱ्यावर एक सरळ, सपाट, गुळगुळीत फळी बसवली. एकूण एक फळी त्यानं एक डोळा मिटून तपासली. गुण्या लावून काटकोन पाहिला. चार माणसांनी उचलून ते विहिरीवरच्या दोन खांबांवर चढवलं आणि त्याचं तोंड पश्चिमेकडे केलं. सगळं गाव जमलं.

वारा आला. सपाट फळ्यांवर आदळला. खांब करकरले, तुंबा कण्हला, पण चाक जागचं हललं नाही.

“थोडा जोर कमी पडतोय,” नागो म्हणाला.

दुपारी वाऱ्यानं जोर धरला. खांब वाकले, एक आरा तडकला. चाक मात्र पाहुण्यासारखं स्वस्थ बसून राहिलं. लोक आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले आणि मग घागरी घेऊन घरी गेले. हसून झाल्यावर त्यांना पुन्हा तहान आठवली असणार.

नागोचा चेहरा उतरला. “वाऱ्यात दम न्हाई,” तो म्हणाला.

“वाऱ्यानं तुमचे खांब वाकवले, दादा,” धुरपा म्हणाली. “दम हाय. पन तो ह्या फळ्यांवर नुसताच धडकतोय. त्याला वाट मिळंना.”

हे तिला कळलं, पण वाट कशी द्यायची ते कळेना. ती दोन दिवस त्याच विचारात भटकली. भिरभिरं का फिरतं? चाक का फिरत नाही? दोघांत वेगळं काय? तिसऱ्या दिवशी ती गावाबाहेरच्या महारुखाखाली बसली होती. महारुखाचं लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून सुतार त्याला हात लावत नाहीत. त्या झाडाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं सुटून खाली येत होत्या. पण दगडासारख्या सरळ खाली पडत नव्हत्या. प्रत्येक शेंग गिरक्या घेत घेत, सावकाश उतरत होती.

धुरपानं एक शेंग उचलली. बोटाएवढी, कागदासारखी पातळ. निरखून पाहिलं तर शेंग सरळ नव्हती. कोणी दोन टोकं धरून मुरगळावी तशी ती पिळलेली होती. धुरपानं नखानं दाबून तो पीळ काढून टाकला, शेंग सपाट केली आणि वर फेकली. ती पडली, फिरली नाही. दुसरी तशीच पिळलेली फेकली. ती फिरली. तिसरी फेकली, चौथी फेकली. धुरपा तिथे ऊन उतरेपर्यंत शेंगा फेकत बसली होती आणि येणारेजाणारे म्हणत होते, तहानेनं बाईचं डोकं फिरलं.

ती ओंजळभर शेंगा घेऊन धावत नागोकडे गेली.

“दादा, पीळ पायजे! तुमच्या फळ्यांना पीळ न्हाई, म्हनून चाक फिरत न्हाई. फळीला पीळ घाला!”

आता विचार करा, तीन पिढ्या ज्या घरानं पिळाला खोट म्हटलं, त्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून कोणी असं बोललं तर काय होईल? तेच झालं.

“पीळ घालू?” नागोचा आवाज चढला. “माझ्या हातानं? माझा बाप नखाएवढा पीळ दिसला की फळी फेकायचा. आन् मी चांगल्या लाकडात खोट घालू?”

“तुमच्या धंद्यात ती खोट असंल,” धुरपा म्हणाली. “माझ्या धंद्यात पीळ न्हाई तर दोरच न्हाई. नुसता वाख ऱ्हातो.”

“मग तू दोर वळ, मी चाकं करतो,” नागो म्हणाला आणि त्यानं तिच्याकडे पाठ केली.

त्यानंतर पंधरा दिवस नागोनं धुरपाशी एक शब्द काढला नाही. तो गाव सोडून जाणाऱ्या गाड्यांची चाकं करत राहिला. सरळ, जड, बिनचूक चाकं. एकेक जोडी पुरी व्हायची आणि एकेक घर माळ उतरायचं. पंधरा दिवसांत सहा घरं गेली. नागो ती मोजत नव्हता असं म्हणायचा, पण मोजत होता.

पंधराव्या दिवशी भरदुपारी गुंज्या मोटेवर कोसळला. भिवानं त्याच्या तोंडाशी पाणी धरलं, आपल्या घराच्या वाटणीचं सगळं पाणी त्याला पाजलं, तेव्हा कुठे तो उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाचा गाडा नागोच्या दारात उभा होता.

“दादा, माझी चाकं दे,” भिवा म्हणाला. “बैल मरताना बघवनार न्हाई मला.”

“आनखी थोडं थांब,” नागो म्हणाला.

“कशासाठी थांबू?”

नागोनं स्वतःच्या हातानं भावाच्या गाड्याला चाकं चढवली. गाडा उताराला लागला. गुंज्यानं एकदा मान वळवून मागे पाहिलं. गाडा दिसेनासा होईपर्यंत नागो बघत राहिला. चाकं अजिबात डगमगत नव्हती. इतकं सुरेख काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं आणि आयुष्यात कधी त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तो घरी परतला तेव्हा परसातून खटखट असा आवाज येत होता. तो मागे गेला. पाहतो तर टाकून दिलेल्या फळ्यांच्या ढिगावर धुरपा बसलेली. तिनं दोन पिळलेल्या फळ्या मधोमध एकमेकींवर आडव्या बांधल्या होत्या, त्यांतून एक गज आरपार घातला होता आणि तो गज दोन दगडांवर ठेवून ती वाऱ्याची वाट बघत होती.

“न विचारता घेतलं,” ती म्हणाली. “फेकलेल्याच होत्या, म्हनून घेतल्या.”

नागो रागावला नाही. रागावायला त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं. तो शेजारी बसला.

वारा आला. फळ्या किंचित हलल्या, फिरायला लागतात न लागतात तोच अडखळल्या, उलट्या हलल्या आणि थांबल्या.

“सकाळपासून असंच हुतंय,” धुरपा म्हणाली. “फिरतो म्हनत्यात आन् फिरत न्हाईत.”

नागोनं सवयीनं एक डोळा मिटला. एका फळीवरून नजर फिरवली, मग दुसरीवरून. आणि त्याचा मिटलेला डोळा उघडला.

“ह्या फळीचा पीळ उजवा हाय,” तो हळूच म्हणाला, “आन् हिचा डावा. एक पुढं ओढतीय, दुसरी मागं.”

“अगं बाई!” धुरपानं कपाळावर हात मारला. “दोराचंबी तसंच असतं. एक पेड उलटा वळला की सगळा दोर सुटतो. तिन्ही पेडांना पीळ एकाच बाजूचा लागतो, आन् सारखा लागतो.”

“सारखा,” नागो म्हणाला. “पावसापान्यानं आलेला पीळ सारखा कसा असंल? तो मोजून घालावा लागंल.”

“मोजून कोन घालंल?”

नागोनं फळीच्या पिळावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “ज्याला नखाएवढा पीळ दिसतो, तोच घालू शकंल.”

त्या क्षणापासून दोघांना तहानभूक सुचेना. तहान तर आधीपासूनच होती म्हणा. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, चैत्राच्या अखेरच्या दिवशी नदीकाठच्यांचे गाडे येतील आणि उरलेलं सगळं गाव एकदम निघेल. हातात अठरा दिवस होते.

नागोनं बाभूळ बाजूला सारली आणि जन्मात पहिल्यांदा महारुख तोडून आणला. वाकसानं तासताना ते लाकूड लोण्यासारखं वाटलं. पहिलं पातं त्यानं एक बोट पिळाचं केलं, दुसरं दोन बोटांचं, तिसरं चार. तिन्ही वेगवेगळी बांधून वाऱ्यावर धरली. एक बोटाचं सुस्त फिरलं. चार बोटांचं झटकन सुरू झालं, पण पुढे वेग घेईना. असं का, हा प्रश्न आता नागोलाही झोंबू लागला. धुरपाची खोड त्याला लागली होती.

“असं बघ,” तो एका सकाळी म्हणाला. “चाक एक फेरा मारतं तेवढ्यात तुंब्याजवळचा खिळा वीतभर चालतो, आन् कडेचा खिळा चार हात धावतो. म्हंजी टोक पळतंय आन् बूड रमतंय.”

“मग?”

“गाडा जोरात पळवला तर वारा कुठल्याबी बाजूचा असू दे, तोंडावरच येतो का न्हाई? पळनाऱ्या टोकाला वारा येगळा लागत असनार, आन् रमनाऱ्या बुडाला येगळा. मग दोघांना एकच पीळ कसा चालंल?”

धुरपानं महारुखाची शेंग काढून पुन्हा निरखली, पण एवढ्याशा शेंगेत ते काही दिसेना. “करूनच बघा की,” ती म्हणाली.

नागोनं करून पाहिलं. तुंब्याजवळ जास्त पीळ, टोकाकडे कमी कमी होत जवळजवळ सपाट. ते पातं वाऱ्यावर धरलं आणि ते असं भिरभिरलं, की नागोनं हात झटकून मागे उडी मारली. मग दोघंही लहान मुलांसारखी हसली. नागो डोळे पुसत म्हणाला, “भिवानं बघायला पायजे हुतं.” त्यानंतर तो बराच वेळ हसला नाही.

त्यानं तशी सहा पाती केली. प्रत्येक पातं एक डोळा मिटून तपासलं. आता तो पीळ नाही ना हे बघत नव्हता, पीळ तेवढाच आहे ना हे बघत होता. धुरपानं विहिरीच्या तळापर्यंत जाऊन वर येईल अशी दोराची लांब माळ वळली आणि दर दीड हातावर एक मातीचं लोटकं बांधलं. पाती फिरली की आडवा दांडा फिरणार, दांड्यावरची माळ फिरणार आणि एका बाजूनं रिकामी लोटकी खाली जाऊन दुसऱ्या बाजूनं भरून वर येणार, असा बेत होता.

चैत्राचा शेवटचा दिवस उजाडला. देवळापुढे गाडे भरून उभे होते. विहिरीवर सहा पात्यांचं हलकं चाक पश्चिमेकडे तोंड करून उभं होतं.

आणि वारा पडला.

हो, पडला. बारा महिने न थांबणारा वारा नेमका त्या दिवशी थांबला. झाडाचं पान हलेना. धूर सरळ वर जाऊ लागला. लोक विहिरीभोवती जमले आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे वळली. ज्या बायांनी जन्मभर त्याला मेला म्हटलं, त्या आता ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, “ये रे बाबा.”

“उन्हं डोक्यावर आली की निघायचं,” आबा म्हणाले. “मला वाईट वाटतंय, धुरपा. पन लेकरांना किती थांबवू?”

धुरपानं दोराची माळ दोन्ही हातांनी धरली होती, जणू गावच धरलं होतं.

उन्हं डोक्यावर आली. पहिल्या गाड्याला बैल जुंपले. आबांनी काठी उचलली, आणि त्यांच्या पटक्याचा शेमला हलला. आधी थोडा, मग फडफडला. एका पात्यानं अंग मोडलं, चाक अर्धा फेरा फिरलं, मग एक, मग दोन, आणि मग पाती वेगळी दिसेनाशी झाली.

माळ चालू लागली. पहिलं लोटकं वर आलं. ते रिकामं होतं. दुसरं रिकामं. तिसरं, चौथं, दहावं, सगळी रिकामी. गर्दीतून उसासा निघाला. कोणीतरी म्हणालं, “वारा हवाच ओढतोय वर.” गाडीवान गाड्याकडे वळला.

“थांबा!” धुरपा ओरडली. “विहीर साठ हात. दर दीड हाताला एक लोटकं. पानी वर यायच्या आधी चाळीस लोटकी मोकळीच येनार. माझ्या दोराची लांबी मला ठावं हाय. मोजा!”

मग गाव मोजू लागलं. आधी पोरं, मग बाया, मग सगळेच. वीस. तीस. पस्तीस. अडतीसला लोकांचे आवाज बारीक झाले. चाळिसावं लोटकं रिकामंच वर आलं आणि कोणीही श्वास घेतला नाही.

एक्केचाळिसाव्या लोटक्यातून पाणी सांडत होतं.

ते डोणीत पडलं, त्याच्यामागे दुसरं पडलं, त्याच्यामागे तिसरं. धार करंगळीएवढीच होती, पण ती थांबत नव्हती, आणि तिच्यातला एक थेंबसुद्धा वारा पीत नव्हता. आबा डोणीपाशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. धुरपानं ओंजळ भरली, पण स्वतः प्यायली नाही. आधी जवळच्या एका पोराला पाजली.

तिसऱ्या दिवशी डोण काठोकाठ भरली. गाड्यांवरचं सामान उतरलं आणि गाव माळावर राहिलं.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण मग ती खोटी झाली असती. कारण नागो चौथ्या दिवशी त्या विहिरीच्या पाण्याची एक घागर खांद्यावर घेऊन माळ उतरला. नदीकाठी भिवानं झोपडी बांधली होती. गुंज्या दारात बांधलेला होता, त्याच्या अंगावर मांस धरू लागलं होतं.

“माळाचं पानी हाय,” नागो म्हणाला. “पी. आन् माघारी चल. वाऱ्यानं पानी काढलंय आपल्या विहिरीतून. समदं गाव तिथंच हाय.”

भिवा घटाघटा पाणी प्यायला. उरलेलं गुंज्याला पाजलं. मग पालथ्या हातानं तोंड पुसून म्हणाला, “ग्वाड हाय रं. पन दादा, बैल आता हितल्या चाऱ्याला लागलेत. बायकोनं वाफे घातलेत, पोरं हितं रमलीत. आता पुन्हा समदं उपटून वर कसा येऊ?”

नागोनं त्या हिरव्या वाफ्यांकडे पाहिलं.

“हे चाक आधी झालं नसतं का?” भिवानं सहज विचारलं.

“झालं असतं,” नागो म्हणाला. “धुरपानं येऊन सांगितलं हुतं मला. पंधरा दिस मी तिच्याकडं पाठ करून बसलो.”

भिवानं रिकामी घागर भावाच्या हातात दिली आणि माळाच्या पायथ्यापर्यंत त्याला सोडायला आला. उतरलेल्या सात घरांपैकी एकही घर पुन्हा वर आलं नाही.

म्हणून लहानांना आणि मोठ्यांनाही सांगून ठेवतो: ज्याला तुम्ही खोट म्हणता ते आणखी कुठे कामाला येतं का, हे वेळेवर विचारून पाहा, कारण आपल्या अहंकारानं केलेला उशीर बहुतेक वेळा आपल्या माणसांना भोगावा लागतो.